कोड यंत्राचा, जबाबदारी माणसाची

कोड आता यंत्रच लिहितं, मग इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस, इन्फोसिसच्या संकुलांत माणसं करणार काय? संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं की, सॉफ्टवेअरमधली खरी अडचण सूचना लिहिण्यात नसते. नेमकं काय हवं, हे ठरवण्यात असते. समजा, कचरागाडी प्रत्येक घरी पोचली का, हे नोंदवणारं ॲप इंदूरसाठी करायचं आहे. एका वाड्यात चार बिऱ्हाडं असतील, तर घरं किती धरायची? नेटवर्क गेलं, तर फेरी झाली म्हणायची का? एआय अशा प्रश्नांना संभाव्य उत्तर देतं. ते पारखून त्याची जबाबदारी घेणं माणसाकडेच राहतं.

‘पण वेग तर वाढतो ना?’ ठरावीक, सुट्या कामांत वाढतोही. मात्र एमईटीआर या संस्थेच्या २०२५ मधल्या प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना ओळखीच्याच प्रकल्पांवर एआय वापरताना १९ टक्के जास्त वेळ लागला; आपला वेळ २० टक्के वाचला, असं त्यांना वाटत होतं. साधनं सुधारतील, हा आकडाही बदलेल. तरीही धडा उरतो: वेगाचा भास हा पुरावा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नवशिके ज्या किरकोळ कामांवर शिकत, तीच यंत्राकडे चालली आहेत. म्हणून महाविद्यालयांनी कोड लिहिण्याइतकंच दुसऱ्याचा कोड वाचणं, चाचण्या रचणं आणि वापरणाऱ्याची गरज समजून घेणं शिकवायला हवं. तपासणारे अनुभवी लोक उद्या हवे असतील, तर आज नवशिक्यांना शिकू द्यावंच लागेल.