मागील डिफरन्शियल आणि ढिलाईचा शोध

मालमोटारीच्या मागील धुऱ्यातील डिफरन्शियल उघडून, त्यातील झिजलेली बेअरिंगे आणि दंतचक्रे बदलून ते पुन्हा जोडले, की काम पुरे झाले अशी मालकाची समजूत होते. गाडी रस्त्यावर येते. चालक उतारावर ॲक्सिलरेटरवरील पाय काढतो, पुढे चढ लागताच तो पुन्हा दाबतो, आणि गाडीच्या तळातून ‘खट्’ असा आवाज येतो. गाडी थांबवून पुढचा गिअर काढून मागचा टाकला, तरी तोच आवाज. खाली शिरून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा, तर चाके स्थिर असतानाही तो थोडा पुढे-मागे हलतो. खर्च झालेला असतो, गाडी काही दिवस उभी राहिलेली असते, आणि दोष मात्र कायम असतो.

अशा वेळी पहिला संशय नव्याने बसविलेल्या दंतचक्रांच्या जोडीवर घेतला जातो. ‘फट जास्त राहिली, घट्ट करा,’ असा निर्णय होतो आणि डिफरन्शियल पुन्हा उघडले जाते. हा निर्णय पुष्कळदा चुकीचा असतो. इतकेच नव्हे, तर त्यापायी चांगली दंतचक्रे जळून निकामी होतात. ढिलाई कोठे आहे हे कानाने ठरत नाही. ते मोजमापाने ठरते, आणि त्यासाठी लागणारा हिशेब अगदी साधा आहे.

शक्तीचा मार्ग

इंजिनात निर्माण झालेली शक्ती क्लच आणि गिअरबॉक्स यांतून लांब शाफ्टमध्ये येते. शाफ्टच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. चालक त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. धुरा खड्ड्यांवरून वर-खाली होत असताना शाफ्टची लांबी कमी-अधिक व्हावी म्हणून त्यात खाचांची एक सरकती जोडणी ठेवलेली असते. शाफ्टचे मागील टोक एका तबकडीला, म्हणजे फ्लँजला, बोल्टांनी जखडलेले असते. ही फ्लँज धुऱ्यातील पिनियन नावाचे लहान दंतचक्र फिरविते, आणि पिनियन क्राउन नावाचे मोठे दंतचक्र फिरविते. येथे गती काटकोनात वळते आणि तिचा वेग कमी होऊन जोर वाढतो.

क्राउन एका पोकळ पेटीला घट्ट जोडलेला असतो. पेटीत एका आडव्या आसावर लहान दंतचक्रे असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना चाकांकडे जाणाऱ्या दंडांची दंतचक्रे असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. ती सोय या आतल्या चक्रांमुळे होते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजलेली ही युक्ती आजच्या मालमोटारीतही मुळात तशीच आहे. पेटीतील चक्रांपासून दोन दंड निघतात आणि ते चाकांना फिरवितात.

या साखळीत प्रत्येक सांध्याला थोडी मोकळीक असते. चालकाला ऐकू येणारा ‘खट्’ हा त्या सर्व मोकळिकींची बेरीज असतो.

फट का ठेवावी लागते

पिनियन आणि क्राउन यांच्या दात्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीला बॅकलॅश म्हणतात. ती राहून गेलेली चूक नव्हे. दात्यांच्या पृष्ठांमध्ये तेलाचा पातळ थर टिकला पाहिजे. गाडी चालून धातू तापला म्हणजे त्याला प्रसरणासाठी जागा मिळाली पाहिजे. ही फट नाहीशी केली तर तेलाचा थर फाटतो, धातूवर धातू घासतो, दाते निळे पडतात आणि त्यांवर ओरखडे उठतात. पिनियनचा मध्य क्राउनच्या मध्यापेक्षा खाली ठेवलेल्या हायपॉइड पद्धतीच्या जोडीत दाते एकमेकांवर लोळतात तसेच घसरतातही. त्यामुळे तेथे तेलाचा थर विशेष महत्त्वाचा ठरतो आणि अतिदाब सहन करणारे तेलच वापरावे लागते.

शिवाय फट कमी करण्यासाठी क्राउन पिनियनकडे सरकविला, की दाते जेथे एकमेकांना टेकतात तो ठसा दात्याच्या आतील, अरुंद टोकाकडे सरकतो. भार पूर्ण दात्यावर न पसरता एका टोकावर एकवटतो. म्हणजे आवाज घालविण्यासाठी केलेला उपाय दाता मोडण्याचे कारण होऊ शकतो.

एक हिशेब

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि जीप यांच्या हलक्या गाड्यांत ‘डाना ४४’ या नावाचा मागील धुरा बसविला जात असे. त्याचे उदाहरण घेता येईल. त्याच्या क्राउनचा व्यास साडेआठ इंच, म्हणजे सुमारे २१६ मिलिमीटर आहे. एका प्रचलित जोडीत पिनियनला १० आणि क्राउनला ४१ दाते असतात. पिनियन ४.१ वेळा फिरतो तेव्हा क्राउन एकदा फिरतो. या जोडीतील फट साधारणपणे ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात.

फट कमाल, म्हणजे ०.२५ मिलिमीटर आहे असे समजू. क्राउनची त्रिज्या १०८ मिलिमीटर. तेव्हा क्राउनच्या ठिकाणी या फटीचा कोन अंशाच्या सुमारे आठव्या भागाएवढा भरतो. पिनियनच्या ठिकाणी तो ४.१ पट, म्हणजे जेमतेम अर्धा अंश होतो. फ्लँजच्या मध्यापासून ५० मिलिमीटरवर खूण केली, तर ती खूण या फटीमुळे अर्धा मिलिमीटरसुद्धा हलणार नाही.

आता पेटीच्या आतील भाग पाहावेत. समजा, पेटीतील चक्रांच्या दात्यांत ०.३ मिलिमीटर ढिलाई आहे आणि त्या चक्रांची त्रिज्या सुमारे ३५ मिलिमीटर आहे. हा कोन अर्ध्या अंशाएवढा होतो. दंडाच्या खाचांची त्रिज्या सुमारे साडेसोळा मिलिमीटर आहे. तेथे केवळ ०.१ मिलिमीटर झीज असली तरी तिचा कोन अंशाच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भरतो. दोन्ही मिळून सुमारे ०.८४ अंश झाले. शाफ्टकडून पाहताना हीच ढिलाई ४.१ पटींनी मोठी दिसते: जवळजवळ साडेतीन अंश.

एकूण ढिलाई चार अंश. त्यांपैकी क्राउन-पिनियनचा वाटा अवघा अर्धा अंश. कारागिराने त्यांची फट कमाल मर्यादेवरून किमान मर्यादेवर आणली, तरी पाव अंशच कमी होईल आणि तो फरक चालकाला जाणवणार नाही. त्रिज्या जितकी लहान तितका त्याच झिजेचा कोन मोठा, आणि चाकाकडील प्रत्येक ढिलाई शाफ्टकडे गुणून येते, ही दोन सूत्रे ध्यानात ठेवली म्हणजे संशयाची दिशा बदलते. पुष्कळ फेरजुळण्यांत क्राउन, पिनियन आणि बेअरिंगे नवी घालतात. पेटीतील चक्रे, त्यांचा आस आणि त्यांच्यामागील चकत्या मात्र जुन्याच ठेवतात. नव्या भागांवर आळ येतो आणि जुने भाग निर्दोष समजले जातात.

तपासणीचा क्रम

गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. हे ठोकळे अत्यावश्यक आहेत. कारण या तपासणीत गिअर सोडलेला असतो. काही गाड्यांत हातब्रेक चाकांवर न लागता शाफ्टवर लागतो. तेथे तो सोडल्याशिवाय शाफ्ट हलणारच नाही.

प्रथम पिनियनच्या फ्लँजवर खडूने खूण करावी आणि धुऱ्याच्या कवचावर तिच्यासमोर दुसरी खूण करावी. शाफ्ट हाताने एका बाजूला टेकेपर्यंत आणि मग दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत फिरवून खूण किती सरकते ते मोजावे. हा आकडा लिहून ठेवावा. नंतर प्रत्येक क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांत धरून उलट दिशांना पिळून पाहाव्यात. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला ढिलाई लागत नाही. शाफ्टच्या सरकत्या जोडणीचीही अशीच परीक्षा करावी. तेथे ग्रीस सुकले असेल, तर गाडी थांबताना खाचा अडकतात आणि एकदम सुटतात. नुसत्या वंगणाने हा आवाज जातो.

यानंतर शाफ्टचे मागील टोक सोडवावे. गिअरबॉक्स गिअरमध्ये ठेवून मोकळे टोक फिरवून पाहिले की गिअरबॉक्सची ढिलाई वेगळी कळते. धुऱ्याच्या बाजूला फ्लँज वर-खाली आणि आत-बाहेर ढकलून पाहावी. ती अशी हलत असेल, तर पिनियनची बेअरिंगे सैल आहेत किंवा त्याचा नट ढिला झाला आहे. पुढील सर्व मोजणी येथे थांबते. कारण पिनियनच जागेवर स्थिर नसेल तर दात्यांतील फटीचा कोणताही आकडा खोटा ठरतो. काही धुऱ्यांत पिनियनच्या बेअरिंगांमध्ये चिरडणारी नळी असते. नट प्रमाणाबाहेर आवळला गेला, तर तो मागे सोडून चालत नाही. नळी नवी घालावी लागते.

फ्लँज स्थिर असल्यास धुऱ्याचे मागील झाकण काढावे. येथे दोन मोजण्या करावयाच्या असतात. पहिलीत पिनियन पक्का धरून, डायल गेजचे टोक क्राउनच्या दात्यावर टेकवून, क्राउन पुढे-मागे हलवितात. ही खरी फट होय. क्राउन फिरवून चार-पाच ठिकाणी ती पाहावी. ती सर्वत्र सारखी नसेल, तर क्राउनच्या बैठकीत कचरा अडकला आहे, किंवा क्राउन अथवा पेटी वाकडी आहे.

दुसऱ्या मोजणीत पिनियन मोकळा सोडतात, चाके मात्र अडविलेलीच राहतात. आता क्राउनची कडा जितकी हलते, तितकी ढिलाई पेटीच्या आत आणि दंडांच्या खाचांत आहे. वरील उदाहरणात हा आकडा सुमारे दीड मिलिमीटर येईल, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसेल. पहिला आकडा मर्यादेत आणि दुसरा मोठा असेल, तर क्राउन-पिनियनला हात लावण्याचे कारण उरत नाही. पेटी उघडून आडवा आस, चकत्या आणि लहान चक्रे तपासावीत; दंडांच्या खाचा पाहाव्यात.

धुऱ्याबाहेरील कारणे

सर्व आकडे समाधानकारक असूनही आवाज राहत असेल, तर डिफरन्शियलच्या कामासाठी जे जे सोडले होते ते आठवावे. जड मालमोटारींत चाकांचे दंड बाहेर ओढून काढलेले असतात. त्यांच्या टोकांचे नट नीट आवळले गेले नाहीत, तर तेथेच खट् वाजते. धुरा खाली उतरविला असेल, तर पाट्यांना धुऱ्याशी बांधणारे यू-बोल्ट तपासावेत. ते सैल असतील, तर जोर येताच संपूर्ण धुरा आपल्या जागी वळतो आणि चालकाला ते डिफरन्शियलमधील ढिलाईसारखेच वाटते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे फाटलेले रबरी आधारही असाच आभास निर्माण करतात.

आवाजांतील भेदही उपयोगी पडतो. दिशा किंवा भार बदलताना एकदाच वाजणारा ठोका ढिलाईचा असतो. वेगाबरोबर चढत जाणारा घुंघुं असा सूर दात्यांच्या चुकीच्या ठशामुळे येतो. सततचा घरघराट बेअरिंगचा असतो. या दोहोंवर ढिलाई कमी करण्याचा उपाय चालत नाही.

पुढे काय करावे

थोडी ढिलाई प्रत्येक मालमोटारीत असते आणि तिच्यासह गाडी वर्षानुवर्षे सुखरूप चालते. चिंता करावयाची ती वाढत्या ढिलाईची. फेरजुळणीनंतर पहिल्या काहीशे किलोमीटरांत खुणेचा आकडा वाढत गेला, तर पिनियनचा नट किंवा एखादे बेअरिंग जागा सोडत आहे असे समजावे आणि गाडी भार घेऊन चालवू नये. सैल पिनियन क्राउनवर चढला, तर दाते मोडतात आणि त्यांचे तुकडे धावत्या गाडीचा धुरा जखडून टाकू शकतात.

म्हणून जुळणी पूर्ण होताच, गाडी ताब्यात देण्यापूर्वी, फ्लँजवरील खुणेचे सरकणे, दात्यांतील फट आणि क्राउनच्या कडेची हालचाल हे तीन आकडे गाडीच्या वहीत तारखेसह नोंदवावेत. पुढे आवाजाची तक्रार आली, तर मालक आणि कारागीर यांना एकमेकांच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही. तेच तीन आकडे पुन्हा घ्यावेत. ज्याच्यात फरक पडला असेल, दोष त्या बाजूला असेल.