दुचाकीस्वाराचा आकाशस्थ वाटाड्या

पूर्वीं नाशिकाहून त्र्यंबकेश्वरास पायीं निघालेल्या यात्रेकरूस वाट चुकण्याचें फारसें भय नसे. अंजनेरीचा डोंगर बाजूनें सोबत करी, पुढें ब्रह्मगिरी दिसे, आणि संशय आलाच तर वाटेवरच्या गांवकऱ्यास विचारतां येई. आतांचा प्रवासी मोटारसायकलवर बसतो, हँडलास मोबाइल फोन अडकवितो आणि नकाशावरचा ठिपका नेईल तिकडे जातो. हा ठिपका बहुतेक वेळां प्रामाणिकपणें वाट दाखवितो. परंतु कसारा घाटाच्या एखाद्या वळणावर किंवा जुन्या नाशकांतील एखाद्या गल्लींत तो एकाएकीं थबकतो, उडी मारतो, अथवा स्वार ज्या रस्त्यावर नाहींच त्या रस्त्यावर जाऊन बसतो. अशा वेळीं स्वाराची नजर रस्त्यावरून उठून फोनवर खिळते, आणि खरा धोका तेथेंच उत्पन्न होतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. म्हणजे तीन सेकंद फोनकडे पाहणारा स्वार ५० मीटर रस्ता आंधळेपणानें कापतो. म्हणून ठिपका कां बिघडतो व तो सुधारण्यास काय करावें, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून जीविताचा आहे.

त्यासाठीं प्रथम या योजनेचें मर्म समजून घेतलें पाहिजे. जी.पी.एस. ही अमेरिकेनें उभारलेली व्यवस्था होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला आणि १९९५ सालीं ती पूर्णत्वास गेली. नागरी उपयोगाच्या लहरींत बुद्ध्याच मिसळलेली अशुद्धता मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली, आणि तेव्हांपासून सामान्य मनुष्यास तिचा खरा लाभ होऊं लागला. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या प्रत्येक उपग्रहांत अणुघड्याळ असतें. 'मी अमुक ठिकाणीं आहें व माझ्या घड्याळांत अमुक वेळ झाली आहे,' असा पुकारा तो बिनतारी लहरींनीं अखंड करीत असतो. हा पुकारा फोनपर्यंत पोंचण्यास किती अवकाश लागला हें मोजून, त्यास सेकंदास तीन लक्ष किलोमीटर या प्रकाशवेगानें गुणलें कीं उपग्रहाचें अंतर निघतें. अशा तीन अंतरांवरून स्थळ ठरावें. परंतु फोनचें स्वतःचें घड्याळ साधें असल्यामुळें त्याची चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दहा लक्षांश भागाएवढी चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. यावरून या कामाची नाजूकता ध्यानांत येईल.

या लहरी फार दुर्बळ असतात. उपग्रहावरील प्रक्षेपकाची शक्ति घरांतील एखाद्या मध्यम दिव्याहून फारशी अधिक नसते, आणि तो दिवा वीस हजार किलोमीटर दूर असतो. एका वॅटचे एक कोटि भाग करावे आणि त्यांतील एका भागाचे पुन्हां एक अब्ज भाग करावे. सुमारें तेवढी शक्ति फोनच्या वांट्यास येते. या लहरी कापड, प्लॅस्टिक व ढग यांतून सहज पार होतात. खडक, धातूचा पत्रा आणि मनुष्याचें पाण्यानें भरलेलें शरीर मात्र त्यांस अडवितें. पावसाळ्यांत ठिपका बिघडला कीं लोक आभाळास दोष देतात, पण ढगांमुळें होणारी हानि नगण्य असते. खरा अपराधी बहुधा झाडांचा भिजलेला दाट पाला किंवा फोनवर सांचलेलें पाणी असतो.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'रेंज गेली म्हणून जी.पी.एस. बंद पडलें,' असें सर्रास ऐकूं येतें. वास्तविक या दोन गोष्टी निराळ्या आहेत. रेंज म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्याशीं असलेला संबंध; उपग्रहांस मनोऱ्याची गरज नसते. त्र्यंबकेश्वराच्या पलीकडे डोंगराळ भागांत गेल्यावर मनोरा सुटला तर नवा नकाशा उतरत नाहीं. पडदा कोरा राहतो, पण ठिपका मात्र त्या कोऱ्या पडद्यावर चालतच असतो. ठिपका चालत असेल तर दोष नकाशाचा, आणि ठिपकाच अडला असेल तर दोष लहरींचा, एवढी परीक्षा प्रत्येक स्वारास करतां आली पाहिजे. पहिल्या दोषाचा उपाय घरींच होतो: निघण्यापूर्वीं त्या प्रदेशाचा नकाशा फोनमध्यें उतरवून ठेवावा. मनोऱ्याचें एक साह्य मात्र खरें आहे. उपग्रहाच्या मार्गाची माहिती उपग्रहाकडूनच घ्यावयाची तर किमान अर्धा मिनिट लागतो. मनोऱ्याकडून ती कांहीं क्षणांत मिळते. म्हणून घरची रेंज असतांनाच, परंतु तळघरांतील वाहनतळांतून नव्हे तर उघड्या आकाशाखालीं येऊन, फोनला मिनिटभर स्थिर राहूं द्यावें आणि मग गाडी हलवावी.

आतां दुसरा दोष, म्हणजे आकाश झांकलें जाण्याचा. मोकळ्या माळावर साधा फोन सुमारें पांच मीटरांपर्यंत अचूक स्थळ सांगतो. कसारा घाटांत किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढतांना मात्र एका बाजूस उभा कडा येतो आणि अर्धें आकाश नाहींसें होतें. उरलेले सारे उपग्रह एकाच दिशेस राहतात. दोन रेषा काटकोनांत छेदल्या तर छेदबिंदु स्पष्ट दिसतो, परंतु त्या जवळजवळ समांतर असल्या तर बिंदु कोठें हें सांगणें कठीण जातें. तोच प्रकार येथें होतो. जुन्या शहरांतील अडचण निराळी आहे. नाशिक नऊ टेकांवर वसलें अशी लोकवदंता आहे. भद्रकाली, सराफ बाजार या बाजूच्या अरुंद चढउतारांच्या गल्ल्यांत दोहों बाजूंच्या उंच घरांमुळें आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. लहर भिंतीवर आपटून, वळसा घेऊन फोनपर्यंत येते. खिंडींत हांक मारली असतां प्रतिध्वनि उशिरां येतो, तशीच ही लहरही उशिरां येते, आणि फोनला उपग्रह आहे त्याहून दूर वाटतो. ठिपका शेजारच्या गल्लींत उडी मारतो तो यामुळें.

यावर स्वाराचा उपाय मर्यादित असला तरी नवीन फोन घेणारास एक गोष्ट पाहतां येईल. सुमारें २०१८ पासून कांहीं फोन दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी घेऊं लागले. जुनी १५७५.४२ मेगाहर्ट्झची व नवी ११७६.४५ मेगाहर्ट्झची. दुसऱ्या लहरीची सांकेतिक रचना दहापट बारीक असल्यामुळें सरळ आलेली लहर कोणती व भिंतीवरून परतलेली कोणती, हें ओळखणें सुलभ होतें. शिवाय फोन रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू हे उपग्रहही वापरीत असेल तर झांकलेल्या आकाशांतही पुरेसे उपग्रह सांपडतात. आपल्या देशाच्या इस्रो संस्थेनें १ जुलै २०१३ रोजीं पहिला उपग्रह सोडून 'नाविक' योजनेस आरंभ केला. तिचे कांहीं उपग्रह भारताच्या दक्षिणेस उंच आकाशांत स्थिर दिसतात. घाटांत ही मोठीच सोय. मात्र तिची वाट खडतर ठरली. पहिल्या उपग्रहाचीं परदेशी अणुघड्याळें बंद पडलीं, ऑगस्ट २०१७ मधील बदली उपग्रह उष्णताकवच न सुटल्यामुळें निकामी झाला. मे २०२३ मध्यें स्वदेशी अणुघड्याळ घेऊन एन.व्ही.एस.-०१ यशस्वी झाला, परंतु जानेवारी २०२५ मधील त्याचा पाठचा भाऊ नियोजित कक्षेस पोंचला नाहीं. तेव्हां एकाच राष्ट्राच्या उपग्रहांवर विसंबणारा फोन न घेणें हेंच शहाणपणाचें.

तिसरा दोष फोनच्या अगदीं जवळचा, आणि म्हणून पूर्णपणें स्वाराच्या हातचा आहे. लहरी ग्रहण करणारी तार बहुधा फोनच्या वरच्या भागांत असते. तो भाग धातूच्या पकडीनें किंवा जाड धातुमय आवरणानें झांकूं नये. फोन पाठीमागच्या खिशांत अथवा सीटखालच्या डिकींत ठेवून उत्तम मार्गदर्शनाची अपेक्षा करणें व्यर्थ होय. हँडलावर, पडदा आकाशाकडे कललेला, ही जागा सर्वांत चांगली. टाकीवर चिकटणाऱ्या पिशवींत लोहचुंबक असतो. तो लहरींस अडवीत नाहीं, परंतु फोनमधील होकायंत्रास फसवितो. द्वारका चौकांत गाडी उभी असतां बाण गरगर फिरतो, त्याचें कारणही होकायंत्रच होय. उपग्रहांवरून दिशा कळते ती चालण्यावरून. उभ्या गाडीची दिशा त्यांस ठाऊक नसते. म्हणून निघतांच बाणावर विश्वास न ठेवतां पन्नास पावलें पुढें जावें. बाण आपोआप सरळ होतो.

गाडीच्या विजेवर फोन भारित करणारे हलके चार्जर हेही एक छुपें कारण असतें. बारा व्होल्टचे पांच व्होल्ट करतांना असें यंत्र बिनतारी गोंगाट उत्पन्न करतें, आणि त्यांत उपग्रहाची क्षीण हांक बुडून जाते. याची परीक्षा सोपी आहे. लहरींचें बळ दाखविणारें एखादें विनामूल्य ॲप फोनमध्यें घ्यावें. मोकळ्या जागीं चांगल्या उपग्रहांपुढें ३५ ते ४५ असे आंकडे दिसतात. इंजिन चालू ठेवून चार्जर एकदां जोडावा व एकदां काढावा. जोडतांच आंकडे घसरले तर चार्जर बदलावा किंवा त्याची वायर फोनपासून दूर न्यावी. बॅटरी वांचविण्याची योजना चालू असेल तर तीही बंद ठेवावी आणि नकाशाच्या ॲपला अचूक स्थानाची परवानगी द्यावी. लहरी उत्तम असूनही ठिपका रेंगाळतो तो पुष्कळदां या दोन कारणांनीं.

कित्येकदां लहर व फोन दोन्ही निर्दोष असतात आणि चूक नकाशाच्या तर्काची असते. मिळालेलें स्थळ जवळांत जवळ असलेल्या रस्त्यावर बसविण्याची त्याची रीत आहे. नाशिक शहरांतून जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर आपण आहों कीं खालच्या रस्त्यावर, हें त्यास नीट कळत नाहीं, कारण उंचीचा अंदाज उपग्रहांस नेहमींच कमी साधतो. अशा ठिकाणीं पाटी हीच प्रमाण. तसेंच गुगलच्या नकाशांत भारतासाठीं डिसेंबर २०१७ मध्यें आलेला दुचाकीचा पर्याय निवडावा. अन्यथा जेथें दुचाकीस मज्जाव आहे त्या समृद्धि महामार्गाकडेही तो नकाशा निःशंकपणें बोट दाखवील.

शेवटीं दोन सूचना. मोटारसायकलच्या कंपनांनीं फोनच्या कॅमेऱ्याची नाजूक रचना बिघडूं शकते, असा इशारा ॲपल कंपनीनें सप्टेंबर २०२१ मध्यें दिला. तेव्हां कंपनें शोषणारी पकड वापरावी. आणि १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्रीय नियमानें वाहन चालवितांना फोनचा उपयोग मार्गदर्शनापुरता, तोही चालकाचें चित्त विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, मान्य केला आहे. निघण्यापूर्वीं पुढचीं तीन-चार वळणें मनांत ठरवावीं, तीं संपलीं कीं सुरक्षित जागीं गाडी थांबवून पुढचीं पाहावीं. ठिपका अडखळला तरी हात हँडलवर व डोळे रस्त्यावर राहावे. घरीं वाट पाहणाऱ्या मंडळींसही हें सांगून ठेवणें बरें: घाटांत मुलाचा ठिपका स्थिर दिसला कीं लागलीच फोन करूं नये. तो ठिपका पुष्कळदां कड्यापलीकडे लपलेला असतो, आणि वाजणारा फोन मात्र नेमका वळणावर असतो.