ताप उतरल्यानंतरचा हिशेब

भाद्रपद सरत आला, हळव्या भाताची कापणी तोंडावर आली आणि माळावरचे गवत कमरेइतके वाढले की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तापाचे दिवस सुरू होतात. पावसाची झड थांबून सरी अधूनमधून पडू लागल्या म्हणजे उघड्या पिंपात, फेकून दिलेल्या टायरात, नारळाच्या करवंटीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची पैदास वाढते. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत येथील आदिवासी कुटुंबाच्या वर्षभराच्या मिळकतीचा मोठा वाटा ठरत असतो. 1945 साली किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाने वारल्यांनी जो लढा दिला, त्यात गवतकापणीचा दर हा कळीचा प्रश्न होता. त्या हंगामातील एका दिवसाचे मोल येथील माणसाला तेव्हाही कळत होते, आजही कळते. डेंग्यूचा संशय असलेल्या रुग्णाला घरची माणसे कोठे, केव्हा आणि का नेतात हे समजून घ्यायचे, तर आरंभ या मोलापासूनच करावा लागेल.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे: अज्ञान आणि अंधश्रद्धा. आदिवासी भगताकडे जातो, वेळ दवडतो, आणि शेवटी अत्यवस्थ रुग्ण घेऊन रुग्णालयाच्या दारी येतो, असे सांगितले की सांगणाऱ्याची जबाबदारी संपते. भगत आहे हे खरे. तो दाणे पाहतो, उतारा सांगतो, हेही खरे. परंतु भगताकडे जाणारे कुटुंब त्याच दिवशी नाक्यावरच्या दुकानातून तापाची गोळीही आणते आणि दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे सुई टोचून घ्यायलाही जाते. श्रद्धा आणि औषध यांत त्याला विरोध दिसत नाही. शहरातला सुशिक्षित माणूस नवस बोलून शस्त्रक्रियेला जातो, तेव्हा त्यालाही तो दिसत नसतो.

क्रम बहुधा असा असतो. पहिला दिवस घरात. दुसऱ्या दिवशी गोळी किंवा झाडपाला. मग जवळच्या बाजारगावातला खासगी दवाखाना. तेथे बसलेल्या गृहस्थांपैकी कोणाकडे आयुर्वेदाची वा होमिओपॅथीची पदवी असते, कोणाकडे कोणतीच नसते. पण दवाखाना संध्याकाळी उघडा असतो, उधारी चालते, बोलणे आपल्या भाषेत होते आणि सुई टोचली की दोन तासांत अंग हलके होते. प्रकृती ढासळली तर कासा किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय. आणि तेथून पुढे पाठविण्याची वेळ आली, तर सीमेपलीकडे वापी, वलसाड किंवा सेलवासचे विनोबा भावे रुग्णालय. तलासरीच्या माणसाला ही गावे परकी नाहीत. तेथल्या कारखान्यांत त्याच्या घरातले कोणी कामाला असते, आणि 2014 साली स्थापन झालेल्या आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा वापी व सेलवास त्याला पुष्कळच जवळ पडतात.

या क्रमात मूर्खपणा कोठे आहे? अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक पक्का हिशेब आहे. दहा तापांपैकी बहुतेक ताप चार-पाच दिवसांत आपोआप जातात, हा पिढ्यांचा अनुभव. शासकीय रुग्णालयात जायचे म्हणजे सहाआसनी रिक्षाचे भाडे, रुग्णाची मजुरी बुडणार, सोबत जाणाऱ्याचीही बुडणार. 2024-25 साली रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला 297 रुपये होती. तेव्हा दोन माणसांचा एक दिवस म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये घरीच गेले. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत, आणि तो निर्णय स्तुत्यच होता. पण फुकट मिळणारी वस्तू आणायला जाण्याचा खर्च फुकट नसतो, हे आपले नियोजनकार वारंवार विसरतात. वैद्यकीय सेवेच्या बाजारात गिऱ्हाइकाला मालाची पारख करता येत नाही, ही गोष्ट केनेथ ॲरो यांनी 1963 साली आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडली. ज्याला औषध पारखता येत नाही तो परिणाम पारखतो. तापाच्या बाबतीत परिणाम एकच: ताप उतरला की नाही. नाक्यावरचा डॉक्टर नेमकी तीच वस्तू विकतो.

आणि येथेच डेंग्यू या चोख हिशेबाला दगा देतो. बहुतेक साध्या तापांत ताप उतरणे ही सुटकेची खूण मानता येते. हाडमोड्या तापात मात्र धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो. साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ज्वर ओसरतो आणि त्याच एक-दोन दिवसांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्त घट्ट होते, नाडी क्षीण होते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण ग्लानी वा अस्वस्थता ही त्याची पूर्वसूचना. आजारी पडणाऱ्यांपैकी सुमारे विसांतल्या एकावर ही वेळ येते. तो रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोचला आणि त्याला मोजून द्रव मिळाले, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली राहते. या रोगावर विषाणू मारणारे औषध नाही. आहे ती केवळ देखरेख. परंतु ज्या दिवशी देखरेख हवी, त्याच दिवशी घरचा हिशेब सांगतो की पैसे सत्कारणी लागले, ताप गेला, उद्यापासून कापणीला चला. रुग्णाला ग्लानी असली तरी ती ‘तापाची अशक्ती’ ठरते.

शिवाय त्या दोन तासांत अंग हलके करणाऱ्या सुईत पुष्कळदा डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक असते. ही औषधे आणि ॲस्पिरिन डेंग्यूत वर्ज्य आहेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. योग्य ते साधे पॅरासिटामोल. पण पॅरासिटामोलची गोळी कोणीही देतो, तिचे शुल्क घेता येत नाही. सलाईनचेही तसेच. रुग्णाला गरज असो वा नसो, लटकवलेली बाटली डोळ्यांना दिसते आणि तिचे पैसे द्यायला माणूस कुरकुरत नाही. प्लेटलेटच्या आकड्याची जी धास्ती शहरांतून हल्ली तालुक्यांत उतरली आहे, तिचाही बाजार असाच मांडला जातो. वास्तविक रक्त किती घट्ट झाले हे पाहणे निदान तितकेच महत्त्वाचे. पण त्या आकड्याला अद्याप प्रतिष्ठा लाभलेली नाही.

मग शासकीय यंत्रणा काय करते? ती पाड्यापर्यंत पोचते, हे आधी मान्य केले पाहिजे. आशा स्वयंसेविका आहे, आरोग्यसेवक आहे, आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीस एक उपकेंद्र आणि वीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकषही आहे. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, जरी पाड्यापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता रुग्णाला आपल्या माणसांच्या खांद्यावरून काटावा लागत असला तरी. पण तापाच्या शोधाची सारी पद्धत हिवतापासाठी घडलेली आहे. बोटाला टोचून घेतलेला थेंब पाड्यावरच हिवताप आहे की नाही ते सांगतो. डेंग्यूसाठी राष्ट्रीय कार्यक्रम ज्या एलायझा चाचणीवर विश्वास ठेवतो, ती ठराविक प्रयोगशाळांतच होते, तिला लागणारे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात, आणि एकत्र पुरेसे नमुने जमल्यावर ती करणे सोयीचे पडते. म्हणून निदान यायला वेळ लागतो, आणि तोवर रुग्ण एक तर कामावर गेलेला असतो किंवा सीमेपलीकडे. हिवताप नाही असे कळले की कुटुंब ‘साधा ताप’ असे समजून घरी परतते. यात त्याची चूक काय?

याचा आणखी एक परिणाम कोणाच्या ध्यानात येत नाही. खासगी दवाखान्यात झटपट संचावर जो डेंग्यू सापडतो तो शासनाच्या लेखी पक्का धरला जात नाही. जो सेलवासला सापडतो तो आपल्या जिल्ह्याच्या आकड्यात येईलच असे नाही. आणि जो घरीच बरा होतो तो कोठेच नोंदला जात नाही. आकडा लहान, म्हणून तरतूद लहान. तरतूद लहान, म्हणून तपासणी थोडी. तपासणी थोडी, म्हणून पुन्हा आकडा लहान.

दरनियंत्रण हा अशा वेळी सुचणारा सोपा उपाय. सप्टेंबर 2015 मध्ये दिल्ली सरकारने साथ भरात असताना डेंग्यूच्या चाचणीवर 600 रुपयांची मर्यादा घातली. दिल्लीत ते ठीक होते, कारण तेथे गल्लोगल्ली प्रयोगशाळा होत्या. जेथे प्रयोगशाळाच लांब, तेथे दर बांधून काय साधणार? सहाशे रुपये म्हणजे पुन्हा दोन दिवसांची मजुरीच.

गरज आहे ती दुसऱ्या भेटीची. हंगामात ज्या घरी ताप आला, त्या घरी ताप सुरू झाल्यापासून चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी कोणीतरी जाऊन रुग्ण उठून बसतो का, लघवीला होते का, पोट दुखते का, एवढे विचारले पाहिजे. याला यंत्र लागत नाही. आशा स्वयंसेविका हे करू शकते. पण तिला मानधन कामावारी मिळते, आणि हिवतापाचा रक्तनमुना घेण्याला जसा मोबदला आहे तसा ताप उतरलेल्या रुग्णाकडे पुन्हा जाण्यालाही ठरवून दिला, तरच तिच्याकडून त्याची अपेक्षा करणे न्याय्य ठरेल. तीच चार लक्षणे नाक्यावरच्या डॉक्टरलाही सांगावीत आणि भगतालाही. मेळघाटात भूमकांना हाताशी धरून रुग्ण दवाखान्यात आणण्याचा प्रयत्न झाला आहे. ज्याच्याकडे रुग्ण आधी जातो त्याला शत्रू ठरवून वेळ वाचत नाही. डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. कोणत्या पाड्यावर हा प्रयोग आधी करावा हे सांगण्यास त्याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही.

राहता राहिली रुग्णाची मजुरी. पाचव्या दिवशी अंथरुणात राहा असे सांगणाऱ्याने त्या दिवसाचे पैसे कोण देणार हेही सांगावे. बाळंतिणीला रुग्णालयात येण्यासाठी शासन पैसे देते, क्षयरोग्याला आहारासाठी देते; मग डेंग्यूच्या संशयितास आणि सोबतच्या एका माणसास तीन दिवसांची मजुरी, रुग्णालयाच्या चिठ्ठीवर, त्याच दिवशी रोख देणे अशक्य मानण्याचे कारण नाही. आदिवासी उपयोजनेच्या पैशांतून हा खर्च निघू शकेल. मात्र त्याचा आदेश गवतकापणी सुरू होण्याच्या आधी निघाला पाहिजे. दिवाळीनंतर निघाला, तर ज्यांच्यासाठी तो काढला ती माणसे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतील.