दुकान आपले, गिऱ्हाईक कोणाचे?

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही आरोग्य खात्याची घोषणा मराठवाड्यातल्या गावोगावच्या भिंतींनी कितीतरी वर्षे मिरवली. डासांच्या अळ्या खाणारा तो एवढासा मासा हौदात सोडला गेला आणि खेड्यातल्या माणसाची त्याच्याशी ओळख झाली. आज त्याचेच रंगीत शेपटीचे भाऊबंद काचेच्या टाकीत पोहताना दिसतात. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा गावांत फिश टँकचे एखादे दुकान सापडते. पाटी लहान, जागा बोळात, बाहेर पक्ष्यांचे पिंजरे टांगलेले. शोधल्याशिवाय दिसत नाही.

अशाच एका दुकानाचा मालक आमच्याकडे भाडेकराराचे कागद घेऊन आला. आपल्याच समाजातला, पदवीधर. स्पर्धा परीक्षेत चार वर्षे घालवून शेवटी त्याने हा धंदा धरला. कागद बघून झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, दुकान चालतंय. पण एक सांगू? आपली माणसं येत नाहीत. कॉलनीत आपल्या नोकरदारांच्या घरी टाक्या आहेत, मी बघितल्यात. सगळ्या पुण्याहून आणलेल्या, नाहीतर मोबाईलवरून मागवलेल्या.”

आम्ही गप्प बसलो. कारण आमच्या घरातली टाकीही पुण्याहूनच आलेली होती. मुलीच्या हट्टापायी आणली, त्याच दिवशी पाणी भरले, त्याच दिवशी बारा मासे सोडले. आठ दिवसांत नऊ मेले. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. ज्याने टाकी विकली त्याने एक शब्द सांगितला नव्हता, आणि आम्हीही विचारला नव्हता.

त्या तरुणाने मग आमच्याच कार्यालयात आम्हाला शिकवले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. टाकीत हळूहळू वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक, नायट्रेट बरेच सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडायचे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्या जिवाणूंना मारते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळायचा. पिशवीतून आणलेले मासे पिशवीसकट पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवायचे, म्हणजे पाण्याचे तापमान जुळते. हे ज्ञान खोक्यातून येत नाही. ते ओळखीच्या दुकानदाराकडून मिळते. स्थानिक दुकानाची खरी किंमत ती.

कोणी म्हणेल, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे मासे पाळण्याचे चोचले कशाला? प्रश्न रास्त आहे. पण हिशोब करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावते. आठवड्याला त्यातले पाव बदलायचे म्हणजे एक बादली. ते काढलेले पाणी कुंडीतल्या झाडांना खत म्हणून उपयोगी पडते. एवढ्याने दुष्काळ वाढत नाही.

मुद्दा पाण्याचा नाही, गिऱ्हाईकाचा आहे. आणि हा मुद्दा नवा नाही. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना 1917 साली बडोद्याची नोकरी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि पेढी बंद पडली. तिथे ज्ञान कमी पडले नव्हते, गिऱ्हाईक कमी पडले होते.

याच आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळे येथे, फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वतन म्हणजे जन्माने गळ्यात पडलेले काम. त्या गळफासातून बाहेर पडायचे तर नवे धंदे हवेत. मासे पकडण्याच्या धंद्यावर जातीचा शिक्का आहे, चामड्याच्या आहे, झाडूच्या आहे. पण शोभेचे मासे, खाद्य, पंप, फिल्टर विकण्याच्या धंद्यावर तो अजून बसलेला नाही. असा कोरा धंदा आपल्या तरुणाने धरला, तर त्याची पाठराखण कोणी करायची?

कायदा काय करतो? घटनेच्या कलम 19 (1) (छ) ने धंद्याचे स्वातंत्र्य दिले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार आणि धंद्यात आडकाठी हे गुन्हे स्पष्टपणे लिहिले गेले. जागामालकाने जातीवरून दुकान खाली करायला लावले तर आम्ही वकील लढू शकतो. पण दुकानासमोरून न थांबता निघून जाणाऱ्या माणसावर कोणते कलम लावणार? कायदा शटर उघडून देतो, गिऱ्हाईक आणून देत नाही. ते काम समाजाचे आहे.

सरकारी योजनांचीही हीच गत. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी 3 लाख आणि माशांच्या किऑस्कसाठी 10 लाख रुपये खर्च धरला होता. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के, इतरांना 40 टक्के अनुदान होते. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींत बौद्धही येतात, हे कार्यालयातल्या बाबूला कधी कधी आपणच सांगावे लागते. योजनांची नावे आणि मुदती बदलत राहतात. म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात तोंडी चौकशी करू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता एक अवघड प्रश्न. बौद्ध उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत ‘सत्तवणिज्जा’ म्हणजे सजीवांचा व्यापार येतो. अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असा दिला आहे. पण त्या अर्थाच्या आड लपून आम्हाला मोकळे व्हायचे नाही. मासा जीव आहे, त्याला यातना आहेत. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही माणसाखेरीज प्रत्येक सजीव ‘प्राणी’ आहे. केंद्राने 23 मे 2017 रोजी मत्स्यालय दुकानांसाठी वेगळे नियम काढले होते. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि ते मागे घेतले गेले. नियम गेले, करुणा जाता कामा नये.

म्हणून आपला माणूस म्हणून डोळे झाकून पाठिंबा द्या, असे आम्ही म्हणत नाही. दुकान पारखा. टाकीत मेलेले मासे तरंगतात का? नवे आलेले मासे वेगळे ठेवतात का? टाकी केवढी आहे हे दुकानदार विकण्याआधी विचारतो का? गोल भांड्यात गोल्डफिश देणाऱ्याकडून घेऊ नका. तो मासा वीतभर वाढतो. देशी कासव किंवा पोपट विकणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तसे दिसले तर आधी बजावा, ऐकले नाही तर वन खात्याला कळवा. आणि नकोसा झालेला मासा, विशेषतः काच चाटणारा सकर, तळ्यात किंवा धरणात सोडू नका. तो तिथे वाढतो, जाळी फाडतो आणि भोई-कोळी बांधवांच्या पोटावर पाय आणतो. एका वंचिताची हौस दुसऱ्या वंचिताच्या मुळावर येऊ नये.

परीक्षेत उतरलेल्या दुकानात मात्र जरूर जा. या धंद्यात माशांवर फार सुटत नाही. खाद्य, पंप, औषध आणि टाकी साफ करून देण्याची मजुरी यांवर घर चालते. तेव्हा मासा इथून आणि खाद्य मोबाईलवरून, असे करू नका. दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस नको. उधारी तर नकोच नको. ‘आपलाच आहे’ म्हणून थकवलेल्या उधारीने आपली किती दुकाने बुडाली, ते आठवा.

आम्ही पुढच्या रविवारी मुलीला घेऊन त्या बोळात गेलो. त्याने तिला टाकीचे माप विचारले आणि म्हणाला, “आधी महिनाभर टाकी नुसती चालू ठेवायची. चिमूटभर खाद्य टाकत जायचं, म्हणजे जिवाणू धरतात. मासे नंतर.” त्या दिवशी त्याने आम्हाला एकही मासा विकला नाही. खाद्याचा एक डबा घेऊन, रोख पैसे देऊन आम्ही परतलो. महिना संपला की पुन्हा जाणार आहोत.