तारा विझविण्याची विद्या

दिवाळीच्या दिवसांत रात्री आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन अगदी डोक्यावर पाहिले, तर चार ठळक ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. आपल्या पंचांगाने तो पूर्वा आणि उत्तरा अशा दोन भाद्रपदांत वाटून टाकला आहे. पाश्चात्त्य त्याला महाश्वाचा चौकोन म्हणतात. या चौकोनाच्या पश्चिम बाजूच्या मध्याजवळ, एकमेकांपासून चार-पाच चंद्रबिंबे मावतील एवढ्या अंतरावर, दोन क्षीण तारे आहेत. शहरातल्या झगमगाटात ते दिसण्याची आशा नको. त्यासाठी गावाकडची काळोखी रात्र आणि तरुण डोळे हवेत. त्यांतल्या एकाभोवती १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना एक ग्रह सापडला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह, आणि त्याबद्दल या दोघांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. दुसऱ्या ताऱ्याला धड नावसुद्धा नाही. यादीतला क्रमांक हीच त्याची ओळख : एच. आर. ८७९९. आज सांगावयाची हकीकत मुख्यतः या बिननावाच्या ताऱ्याकडे जाणारी आहे.

मेयर-केलोझ यांनी ग्रह पाहिला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो, ते डुलणे त्यांनी मोजले. तेव्हापासून आजवर सहा हजारांवर ग्रहांची नोंद झाली, पण त्यांतले बहुतेक असेच आडवाटेने कळलेले आहेत. कोठे ताऱ्याच्या डोलण्यावरून, तर कोठे ग्रह समोरून जाताना ताऱ्याचे तेज तेवढ्यापुरते मंदावले त्यावरून. खिडकीच्या पडद्यावर सावली हलली की घरात माणूस आहे एवढे समजते. तो म्हातारा की तरुण, हसरा की रडका, हे समजण्यास पडदा दूर व्हावा लागतो.

मग सरळच का पाहू नये? अडचण दुहेरी आहे. तीस-एक प्रकाशवर्षांवरच्या एखाद्या सूर्याभोवती आपल्या पृथ्वीसारखा ग्रह आहे असे समजू. येथून पाहता दोघांतले अंतर विकलेच्या दहाव्या भागाएवढे भरेल. पुण्यात दोन पणत्या तीन बोटांच्या अंतराने ठेवाव्यात आणि मुंबईहून त्या निरनिराळ्या ओळखाव्यात, असा हा प्रकार आहे. आणि पणत्या तरी सारख्या कोठे? एकीच्या जागी सर्चलाइट आहे आणि दुसरीच्या जागी काजवा! दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीहून सुमारे हजार कोटी पट तेजस्वी. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांत हा फरक एक कोटी पटीवर येतो. तेवढीच काय ती सवलत.

येथे प्रकाशाचा एक जुना खोडसाळपणा कामी येतो. तळ्यात दोन खडे टाकले की दोन्हींच्या लाटा एकमेकींत मिसळतात. उंचवटा उंचवट्यावर आला तर पाणी दुप्पट उसळते. उंचवटा खळग्यावर आला तर तेथले पाणी निश्चल राहते. प्रकाशही तरंगच असल्याने त्याचेही तसेच होते, हे टॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखविले. प्रकाशात प्रकाश मिसळून काळोख! शास्त्रीय भाषेत याला व्यतिकरण म्हणतात. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीझ यांनी १३ डिसेंबर १९२० रोजी याच्या जोरावर मोठाच पराक्रम केला. शंभर इंची दुर्बिणीच्या तोंडावर त्यांनी वीस फुटांची तुळई बसविली आणि तीवर दूर दूर ठेवलेल्या आरशांतून एकाच ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणला. त्यात उमटणारे उजेड-काळोखाचे पट्टे आरसे सुमारे दहा फूट दूर सरकविताच नाहीसे झाले; आणि तेवढ्यावरून मृगातल्या तांबूस काक्षीचा व्यास निघाला : विकलेचा ४७ सहस्रांश. दोन लहान आरसे दूर ठेवले की बारकावे टिपण्यापुरते ते एका अजस्र आरशाचे काम देतात, हा या विद्येचा पाया होय.

रेडिओ लहरींच्या बाबतीत हे त्या मानाने सोपे जाते, कारण त्या लहरी लांबलचक असतात. आपल्या नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, त्या याच तत्त्वावर चालतात. तेथेही परग्रहांची चाहूल घेतली गेली आहे. २००९ मध्ये एका ग्रहाच्या दिशेने क्षीण संकेत आल्यासारखा वाटला. २०१० मध्ये पुन्हा कान लावला तेव्हा मात्र सारे शांत होते.

तारा विझविण्याची कल्पनाही रेडिओवाल्याच्याच डोक्यातून निघाली. रोनाल्ड ब्रेसवेल हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्थायिक झालेला गृहस्थ. १९७८ मध्ये त्याने मांडलेली युक्ती अशी : अवकाशात दोन आरसे काही मीटर अंतरावर ठेवा आणि दोन्ही नेमके ताऱ्याकडे रोखा. तारा समोरच असल्याने त्याचा प्रकाश दोघांवर एकाच क्षणी पोहोचेल. आता एका आरशाकडचा प्रकाश अर्ध्या तरंगाने मागे ठेवा. उंचवट्यावर खळगा बसेल आणि तारा विझेल. ग्रह मात्र किंचित बाजूला असतो. त्याचा प्रकाश मुळातच एका आरशावर जरा उशिरा येतो; आरशांतले अंतर बेताने निवडले तर हा उशीर अर्ध्या तरंगाएवढा होतो. अर्धा आणि अर्धा मिळून एक, म्हणून ग्रह विझत नाही, उलट उजळतो! वर सांगितलेल्या तीस प्रकाशवर्षांवरच्या पृथ्वीसाठी, दहा मायक्रॉनच्या अवरक्त किरणांत, हे अंतर दहा मीटर येते. शिवाय सगळे यंत्र गरगर फिरविले की बाजूचा ग्रह लुकलुकेल आणि मध्यावरचा तारा लुकलुकणार नाही. चोर ओळखण्याची याहून सुंदर रीत मला ठाऊक नाही.

कागदावर हे सोपे दिसते. पण अर्धा तरंग म्हणजे पाच मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सादेखील नव्हे. आणि कोटी पट तेज विझवावयाचे तर त्यातही मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांपलीकडे चूक चालत नाही. त्यात आणखी दहा मायक्रॉनच्या उजेडात आपली हवा, दुर्बीण, तिचे छप्पर सारेच तापल्या तव्यासारखे चमकते. म्हणून अवकाशात जावयाचे, तेही थंडगार आरसे घेऊन. युरोपने ‘डार्विन’ नावाची योजना आखली, अमेरिकेनेही तशीच एक आखली. युरोपने आपले काम २००७ मध्ये थांबविले. अमेरिकेची योजनाही पैशांच्या ओढाताणीत बारगळली. ब्रेसवेल वारला तोही २००७ मध्येच.

आणखी एक भीती होती, ती धुळीची. सूर्याभोवती बारीक धुळीचे पातळ आवरण आहे. इतर ताऱ्यांभोवती ते फार दाट असेल, तर तारा विझवूनही ग्रह धुळीच्या उजेडात हरवेल. ॲरिझोनातल्या जोड-दुर्बिणीचे ८.४ मीटर व्यासाचे दोन आरसे एकाच खोगिरावर बसविले आहेत. त्यांनी ३८ ताऱ्यांना असे विझवून त्यांची धूळ तपासली. २०२० मध्ये निकाल आला तो दिलासा देणारा : सूर्यासारख्या बहुतेक ताऱ्यांभोवतीची धूळ बेताचीच आहे.

दरम्यान जमिनीवरच्या मंडळींनी दुसरी वाट काढली. चिली देशाच्या वाळवंटात पारानाल पर्वतावर ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी आहेत. त्यांचा प्रकाश बोगद्यांतून एकत्र आणतात आणि रुळांवर धावणाऱ्या आरशांनी त्याची वाट तंतोतंत सारखी करतात; मग त्या मिळून १३० मीटरच्या आरशाएवढा बारकावा दाखवितात. ‘ग्रॅव्हिटी’ नावाचे उपकरण ताऱ्याला विझवीत नाही. एक काचतंतू ताऱ्यावर आणि दुसरा ग्रहाच्या जागेवर धरला की दोघांचे पट्टे निराळ्या चालीने पडतात, आणि त्या चालीवरून ग्रहाच्या जागेत सांडलेला ताऱ्याचा प्रकाश निवडून बाजूला काढता येतो. २०१८ मध्ये हे उपकरण एच. आर. ८७९९ कडे रोखले. त्याचे चार ग्रह मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांतून आधीच ठाऊक होते. सर्वांत आतला निवडला. व्यतिकरणाने प्रत्यक्ष पाहिलेला हा पहिला परग्रह. त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तर हजार अंशांच्या घरातली उष्णता, अपेक्षेहून जास्त कार्बन मोनॉक्साइड, आणि लोखंडाच्या व वाळूसारख्या सिलिकेटांच्या कणांचे घोंघावणारे ढग! सुमारे १३० प्रकाशवर्षांवरचे हे हवामान.

हा ग्रह गुरूहून कितीतरी जड आणि ताजा तापलेला आहे, म्हणूनच दिसला. पृथ्वीएवढा, थंड, ओझोनचा पदर असलेला ग्रह पाहण्यास अजून ब्रेसवेलचीच वाट आहे. झुरिचच्या शास्त्रज्ञांनी ‘लाइफ’ नावाने ती पुन्हा हाती घेतली आहे : चार आरशांची चार याने, मध्ये पाचवे प्रकाश मिसळणारे, आणि सर्वांनी दोरीवाचून रांगोळीच्या ठिपक्यांसारखे जागच्या जागी राहावयाचे. प्रयोगशाळेतल्या अतिशीत पेटीत तारा विझविण्याची तालीम चालू आहे. याने अद्याप कागदावरच आहेत.