वंशावळीत न मावलेल्या बायका

परवा धाकट्या भावाचा फोन आला. भाच्याच्या जात पडताळणीसाठी त्याने वंशावळ तयार केली होती. "ताई, वाचून दाखवतो, काही सुटलं का बघ," म्हणाला. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, बाबा, काका, मग हा स्वतः आणि याचा मुलगा. मी विचारलं, "आणि आजी कुठे आहे रे?"

"अगं, बायकांची नावं कशाला लागतात त्यात?"

"बरं, नाव काय होतं आजीचं?"

तो गप्प. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मीही गप्प! सगळं घर तिला 'माय' म्हणायचं, गावात ती बाबांची माय. नाव आम्हा दोघांनाही आठवेना.

त्याच आठवड्यात माझ्या उशाशी एक पुस्तक होतं. लेकीने पुण्याहून आणलेलं, एस्थर डेव्हिड यांचं 'बुक ऑफ रेचेल'. इंग्रजी असल्यामुळे माझा वेग बेताचाच. दुपारी चंद्रपूरच्या उन्हात कूलरसमोर बसून रोज चार-पाच पानं. पण पुस्तक सोडवेना, कारण त्यातली बाई मला आपल्यातलीच वाटली.

ही रेचेल ज्यू आहे. ज्यू म्हटलं की आपल्याला परदेशच आठवतो. रशियात १८८१ नंतर ज्यूंवर हल्ले झाले, लाखो कुटुंबं घरदार सोडून अमेरिकेला गेली. तिथल्या आजी-आई-लेकींवर कितीतरी कादंबऱ्या निघाल्या. पण आपल्या कोकणातही ज्यू आहेत, बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं गावांवरून, आपल्यासारखीच 'कर' लावलेली. घरात बोली मराठी. नवस फेडताना ते मलिदा करतात, म्हणजे पोहे, गूळ आणि खोबरं! छळामुळे यांना कधी पळावं लागलं नाही. पण १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या काळात बरीच घरं तिकडे गेली.

रेचेलचीही मुलं तिकडेच आहेत. ही विधवा बाई अलिबागजवळच्या गावात एकटी राहते आणि बंद पडलेल्या सिनेगॉगची, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराची, झाडलोट करते. जागा मोक्याची, त्यामुळे ती विकायचा घाट घातला जातो. रेचेल ठाम 'नाही' म्हणते. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होतं. स्वयंपाक करता करता ही बाई लढते. या पुस्तकाला २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्याआधी, २००२ मध्ये, याच लेखिकेचं 'बुक ऑफ एस्थर' आलं. त्यात एकाच घराण्याच्या पिढ्या आहेत. सुरुवातीची बथशेबा बघा. नवरा इंग्रजांच्या फौजेत, मागे घर आणि शेती हीच सांभाळते. पुढच्या पिढ्या अहमदाबादला गेल्या, शिकल्या, नावाला आल्या. पण त्या घराचा पाया कोणी राखला? बथशेबानेच ना!

हे वाचलं आणि फोन उचलून आईला लावला. आई आरमोरीकडे भावाजवळ असते. म्हटलं, "आई, आजीचं नाव सांग."

"मले तरी कोठं माहीत माय! सासूचं नाव कोन घेते?" मग थोडं थांबून म्हणाली, "पन तिनं वावर कसं राखलं ते सांगतो तुले."

आजोबा १९६२ साली गेले. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. आजी तिशीची, पदरात तीन लेकरं. पावसाळ्यात लोकांकडे धानाची रोवणी, उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं आणि तेंदूपत्ता. घरचं तीन एकर वावर भाऊबंदांच्या डोळ्यांत. एके दिवशी ते कागद घेऊन आले, अंगठा मागायला. आजी लाखोळीचे वडे तळत होती. आई म्हणाली, "तिनं हात पदरात लपवले आन् म्हनलं, वडे खाऊन जा, अंगठा नाई भेटत."

त्याच वावराच्या धानावर बाबा शिकले, मास्तर झाले. आज वंशावळीला जोडायला भावाकडे जो सातबारा आहे, तोही त्या लपवलेल्या हातामुळेच!

मी भावाला सांगितलं, "आजोबा गेल्यावरचा जुना फेरफार काढ." त्याने कुरकुर केली, पण काढला. संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाज जरा बदललेला. "ताई, सापडलं. वारस म्हणून बाबा आणि काका, आणि पुढे अ.पा.क. आई, असं लिहून तिचं नाव आहे." अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. लेकरं अज्ञान होती म्हणूनच कागदाला आईचं नाव लागलं. ती मोठी झाली आणि तिचं नाव गळालं.

एस्थर डेव्हिड यांच्या कादंबऱ्यांनी मला एवढंच शिकवलं. घर टिकतं ते आडनावामुळे नाही, मागे राहून राखणारीमुळे. पण कोणी लिहिलं नाही, तर ती दोन पिढ्यांत पुसली जाते. बथशेबाला लिहिणारी मिळाली, माझ्या आजीला मिळाली नव्हती.

आता आम्ही घरासाठी दुसरी वंशावळ करतोय. आजी, तिच्या जावा, नणंदा, लेकी, सुना, सगळ्या त्यात येतील. आजीचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आधी घरच्या कागदावर येऊ दे. ते काम भाच्याकडे दिलंय, आणि बाजूला लाखोळीच्या वड्यांची कृतीही लिहायला सांगितली आहे.

तुमच्या आजीचं नाव तुम्हाला माहीत असेल. पण तिच्या आईचं? नाही ना? मग आज दुपारी कामं आटोपली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा. उद्यावर टाकू नका!