शंभर मीटरवरचा आवाज

गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी पेण सर्वांच्या परिचयाचे आहे. समजा, पेणजवळच्या रामवाडीत एका शाळेपासून 100 मीटरवर उत्सवाचा मंडप आहे. वर्ग चालू असताना गाणी लागतात. शाळेने विचारल्यावर कार्यकर्ते सांगतात, "आमच्याकडे परवानगी आहे." मग तक्रारीला जागा उरते का?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली लागू झाले. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही. सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ रात्री 12 पर्यंत वाढवू शकते. मात्र परवानगी मिळाली तरी आवाजाची मर्यादा कायम राहते. दिवसा ती निवासी भागात 55 डेसिबल, तर शाळा-रुग्णालयांभोवती जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात 50 डेसिबल असते. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने अधिक किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे निवासी भागात 65.

आता गणित करू. डेसिबल 10 ने वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. मोकळ्या जागेत अंतर दहापट झाले की तीव्रता शंभरावा भाग उरते, म्हणजे 20 डेसिबल कमी होतात. कर्ण्यापासून 1 मीटरवर आवाज 100 डेसिबल असेल, तर 10 मीटरवरच्या हद्दीवर तो 80 आणि 100 मीटरवरच्या शाळेत 60 भरेल. दोन्हीकडे मर्यादा मोडली!

हाच आवाज 15 डेसिबलने उतरवला तर? हद्दीवर 65, शाळेत 45. मंडपातल्या माणसांना गाणी नीट ऐकू येतील आणि वर्गही चालेल. म्हणून कार्यकर्त्यांशी बोलताना "बंद करा" म्हणण्यापूर्वी "किती कमी करायचा" ते आकड्यांत सांगावे.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. मैदानात मध्यभागी रेडिओ एकाच पट्टीत चालू ठेवून मोबाइलमधील ध्वनिमापकाने 2, 4 व 8 मीटरवर नोंदी घ्याव्यात. अंतर दुप्पट होताना सुमारे 6 डेसिबल घटतात का ते पाहावे. मग हाच प्रयोग इमारतींच्या भिंतींमधील बोळात करावा. तेथे घट कमी का होते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. मोबाइलचे आकडे कायदेशीर पुरावा म्हणून चालणार नाहीत, पण नियमामागचे विज्ञान त्यांतून नक्की कळेल.